शॉकअपचा पणजोबा : आल्फ्रेड स्कॉट

आज लेक्चर संपलं की पार्किंगमध्ये जा. बाईकवर बसा, पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि हँडलवर अंगाचा भार टाकून गाडी खाली दाबा. मग हात सैल सोडा. गाडीचं नाक खाली गेलं, वर आलं आणि तिथेच थांबलं? मग तुमचं बरं चाललंय. पण ते दोन-तीनदा डुललं, किंवा खाली जाताना आतून 'खट्' असा आवाज आला, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे असं समजा.

मला ही टेस्ट गेल्या पावसाळ्यात कळली. बाबांची जुनी बाईक मी कॉलेजला नेते. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा चिकट थर दिसायला लागला, म्हणून एका गॅरेजमध्ये टाकली. त्यांनी ऑईल सील बदलले, तेल अंदाजाने ओतलं आणि संध्याकाळी गाडी हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक स्पीडब्रेकरला 'खट्'. ब्रेक मारला की गाडी पुढच्या बाजूला अशी बसायची, की मागे बसलेली मैत्रीण माझ्या पाठीवर आदळायची. शेवटी घराजवळच्या एका मेकॅनिक काकांनी दोन्ही पाय बाहेर काढले, आत स्टीलची पट्टी घातली आणि मला दाखवलं. एका नळीत तेल बरंच खाली, दुसऱ्या नळीत त्याहून खाली.

ती पट्टी बघून डोक्यात आलं, की हे नळीत नळी, आत स्प्रिंग, स्प्रिंगभोवती तेल असलं लफडं पहिल्यांदा सुचलं तरी कोणाला? शोधत गेले आणि एका माणसाच्या आयुष्यातच अडकले. मोटारसायकलच्या इतिहासात ज्याचं नाव अगदी पहिल्या पानांवर येतं, असा हा माणूस. आल्फ्रेड अँगस स्कॉट. त्याच्या गोष्टीत स्प्रिंग आहे, वेग आहे, रेस आहेत. तेल मात्र नाही. आणि खरी गंमत तिथेच आहे.

गिरण्यांच्या गावातला पोरगा

स्कॉटचा जन्म १८७५ चा. गाव इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचं ब्रॅडफर्ड, त्यातला मॅनिंगहॅम हा भाग. ब्रॅडफर्ड म्हणजे तेव्हाचं लोकरीच्या कापडाचं मोठं केंद्र. आपल्याकडे मुंबईचं गिरणगाव जसं भोंग्यावर चालायचं, तसंच हे शहर गिरण्यांवर चालायचं. चिमण्या, धूर, वाफेची इंजिनं आणि ती दुरुस्त करणारे कुशल हात गल्लोगल्ली. अशा गावात मशीन ही पुस्तकातली गोष्ट राहत नाही. ती शेजारी असते.

स्कॉट इंजिनिअर झाला तो कारखान्यात उमेदवारी करून, वाफेच्या आणि जहाजांच्या इंजिनांवर हात काळे करत. त्याचं पहिलं पेटंट १८९७ चं. म्हणजे तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. माझ्या वयाचा! मी या वयात इंटर्नशिपचं सर्टिफिकेट कधी मिळेल याची वाट बघतेय, आणि हा माणूस ब्रेकचं पेटंट घेत होता. १८९७ पासून १९२० पर्यंत त्याच्या नावावर पन्नासहून जास्त पेटंट्स झाली.

त्या काळात मोटारसायकल म्हणजे काय, हे आधी डोळ्यांसमोर आणा. सायकल घ्यायची, तिच्या फ्रेममध्ये कुठेतरी एक इंजिन बांधायचं आणि चामड्याच्या पट्ट्याने मागचं चाक फिरवायचं. सुरू करायची तर पेडल मारायचे किंवा ढकलत पळायचं. गिअर बहुतेकांना नाहीतच. चढ आला की खाली उतरून ढकला. पुढचा फोर्क कित्येक गाड्यांवर सायकलसारखाच सरळसोट, कडक. रस्ते मातीचे आणि दगडांचे. चाक दगडावर चढलं की तो दगड थेट मनगटात आणि मणक्यात यायचा.

स्कॉटनेही सुरुवात सायकलपासूनच केली. त्याने स्वतः बनवलेलं छोटं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन सायकलच्या हँडलखाली बसवलं आणि त्याने पुढचं चाक फिरवलं. हेच इंजिन त्याने छोट्या बोटीवरही वापरून पाहिलं. तेव्हा बाकी बहुतेक लोक फोर-स्ट्रोकच्या मागे होते. त्यात चार हालचालींमध्ये एकदाच स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दर दोन हालचालींना होतो. शिवाय व्हॉल्व्हचा पसारा नाही, भाग कमी, वजन कमी. तुमच्या काकांच्या आरएक्स १०० ची जी पिकअप अजून गप्पांत निघते ना, तिच्या मागे हेच गणित आहे. स्कॉटला ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच पटलं होतं.

किक मारताना आठवा

१९०८ साली स्कॉटच्या डिझाइनच्या पहिल्या सहा मोटारसायकली तयार झाल्या. त्या बनवल्या ब्रॅडफर्डच्याच जॉवेट बंधूंच्या कारखान्यात. हे तेच जॉवेट, जे पुढे मोटारी बनवण्यासाठी ओळखले गेले.

आता या गाडीत काय काय होतं ते बघा. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, आणि त्याच्या माथ्याला पाण्याचं कूलिंग. आज लिक्विड कूल्ड म्हटलं की आपल्या भुवया उंचावतात आणि किंमतही वाढते. हे ११० हून जास्त वर्षांपूर्वी होतं. पट्ट्याऐवजी चेन. दोन गिअर, तेही पायाने बदलायचे. त्रिकोणांनी बांधलेली कडक फ्रेम, वजन खाली ठेवलेलं. आणि किक! पायाने दणका देऊन इंजिन चालू करायची सोय मोटारसायकलवर पहिल्यांदा आणण्याचं श्रेय सर्वसाधारणपणे स्कॉटलाच दिलं जातं. म्हणजे सेल्फ बसल्यावर गल्लीत घाम गाळत आपण जे करतो, ते ज्याच्यामुळे जमतं तो हा बाबा.

फ्रेमची बैठक मोकळी होती, कारण पेट्रोलची टाकी मांड्यांच्या मध्ये नव्हती. लांब झगा घातलेली बाईही तिच्यावर बसू शकायची. त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती. मुलींनो, आपण ज्या सहजपणे आज बाईक काढतो, त्या सहजपणाचा विचार कोणीतरी १९०८ च्या आसपास ड्रॉइंग बोर्डवर केला होता.

स्प्रिंग आली, तेल राहिलं

आणि आता पुढचं चाक. त्या काळात ज्यांना कडक फोर्क नको होता, ते गर्डर फोर्क लावायचे. म्हणजे चाक धरणारा एक सांगाडा, तो छोट्या दांड्यांवर झुलायचा आणि वर एक स्प्रिंग. दिसायला जणू छोटा पूलच. काम करायचा, पण सांधे खूप. प्रत्येक सांधा झिजायचा, ढिला व्हायचा.

स्कॉटने वेगळी वाट धरली. एका नळीत दुसरी नळी सरकू द्यायची, आणि भार स्प्रिंगवर तोलायचा. दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकतात तशा, म्हणून नाव टेलिस्कोपिक. आज पार्किंगमधल्या जवळजवळ प्रत्येक बाईकच्या पुढे हीच कल्पना उभी आहे. स्कॉटने ती १९०८ मध्ये विकायच्या गाडीवर लावली.

मग चुकलं काय? खरं तर काहीच चुकलं नाही, पण एक गोष्ट अजून यायची होती. स्प्रिंगचा स्वभाव समजून घ्या. तिला तुम्ही जेवढं द्याल, ती जवळजवळ तेवढंच परत करते. खड्ड्याने स्प्रिंग दाबली की ती तो धक्का पोटात साठवते आणि लगेच वर फेकते. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. दारावरचा पडदा सोडल्यावर हलत राहतो तसं. सरळ रस्त्यावर हे फक्त त्रासदायक. पण वळणावर किंवा ब्रेक मारताना चाक असं नाचायला लागलं, तर टायर क्षणभर रस्ता सोडतो. आणि टायर हवेत असताना ब्रेकही हवेतच लागतो.

हा नाच थांबवायला धक्क्याची ताकद कुठेतरी जिरवावी लागते. तेल तेच करतं. आजच्या साध्या फोर्कमध्ये वरची चकचकीत नळी, म्हणजे पाईप, खालच्या जाड भागात, म्हणजे बॉटममध्ये, सरकते. सरकताना आतलं तेल छोट्या छोट्या भोकांतून जबरदस्तीने इकडून तिकडे जातं. भोकं बारीक, तेल घट्ट, म्हणून त्याला वेळ लागतो. या धडपडीत धक्क्याची ताकद उष्णतेत बदलते. तेल थोडं तापतं, गाडी शांत राहते. याला डॅम्पिंग म्हणतात. इंजेक्शनची सिरिंज पाण्याने भरा आणि दट्ट्या हळू दाबा, मग जोरात दाबा. जोरात दाबताना बोटाला जो विरोध जाणवतो, तेच तुमच्या शॉकअपमध्ये मिनिटाला कितीतरी वेळा घडतं.

स्कॉटच्या फोर्कमध्ये हे तेलाचं डॅम्पिंग नव्हतं. त्याने नळ्या दिल्या, स्प्रिंग दिली. धक्का झेलायचा प्रश्न त्याने सोडवला. झेललेल्या धक्क्याचं पुढे काय करायचं, हा प्रश्न पुढच्या पिढीवर राहिला.

जास्त चांगली म्हणून शिक्षा

तरीही त्या काळाच्या मानाने स्कॉटची गाडी भन्नाट होती. सुरुवातीच्या चढाईच्या स्पर्धांमध्ये स्कॉट स्वतः उतरला आणि जिंकला. हलकी गाडी, दर फेरीला ताकद देणारं इंजिन, दोन गिअर. बाकीचे धापा टाकायचे तिथे ही सरसर वर जायची.

एवढी, की स्पर्धा भरवणाऱ्यांना प्रश्न पडला. टू-स्ट्रोकला हा आयता फायदा आहे असं ठरवून त्यांनी नियम काढला. स्कॉटच्या इंजिनाचे जेवढे सीसी असतील, त्यांना १.३२ ने गुणायचं आणि तेवढ्या मोठ्या फोर-स्ट्रोकसोबत तिला पळवायचं. आपल्या भाषेत, वर्गातला पोरगा फार हुशार आहे म्हणून त्याला वरच्या वर्गाचा पेपर द्यायचा. यातून स्कॉटचं नुकसान व्हायच्या ऐवजी जाहिरातच झाली. ज्या गाडीला अडवायला गणित करावं लागतं, ती गाडी किती चांगली असेल, असा लोकांनी सरळ अर्थ काढला. पुढे तो नियम गेला.

मग आलं आयल ऑफ मॅन. आयरिश समुद्रातलं हे छोटं बेट आणि तिथली टीटी रेस, हे बाईकवेड्यांचं पंढरपूर. १९११ पासून ही रेस डोंगरातल्या सुमारे ६० किलोमीटरच्या फेरीवर होऊ लागली. रस्ता साधा गावचा, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. १९१२ मध्ये फ्रँक अॅपलबीने स्कॉटवर सीनियर टीटी जिंकली. मोठ्या गाड्यांच्या या गटात टू-स्ट्रोक गाडी जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी, १९१३ ला, टिम वूडने स्कॉटवरच पुन्हा जिंकली. यानंतर सीनियर टीटी पुन्हा टू-स्ट्रोक गाडीने जिंकायला १९७३ उजाडलं. मध्ये साठ वर्षं गेली!

कारखानाही वाढला. १९१२ च्या सुमारास तो ब्रॅडफर्डजवळच्या शिपली भागात मोठ्या जागेत गेला. ब्रॅडफर्डचा एक प्रयोगशील इंजिनिअर आता एका नावाजलेल्या कंपनीचा चेहरा झाला होता.

कामगारांची परीक्षा

१९१४ ची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. स्कॉटने आपल्याच कारखान्यातल्या कामगारांना आव्हान दिलं. शिपलीच्या कारखान्यातून निघायचं आणि यॉर्कशायरच्या डोंगरदऱ्यांतून बर्न्सल या नदीकाठच्या गावापर्यंत गाडी न्यायची. पक्का रस्ता शोधत बसायचं नाही. ओढे, दगड, चिखल, माळ, जे येईल ते. चौदा जण निघाले. नऊ पोहोचले.

यामागचा विचार बघा. गाडी बनवणाऱ्याने ती गाडी सगळ्यात वाईट रस्त्यावर स्वतः चालवायची. नट आवळणाऱ्याला कळलं पाहिजे, की ढिला राहिलेला नट ओढ्याच्या मधोमध काय करतो. फोर्क जोडणाऱ्याला कळलं पाहिजे, की नळी अडकली तर मनगटाचं काय होतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगला चार वर्षं काढून एकदाही स्पॅनर न धरलेले मित्र तुम्हालाही माहीत असतील. मी मास कॉमला आहे, त्यामुळे मला बोलायचा अधिकार नाही. पण स्कॉटला असता.

ती गंमत म्हणून सुरू झालेली शर्यत आजही भरते. स्कॉट ट्रायल हे तिचं नाव, आणि ब्रिटनमधल्या सगळ्यात खडतर ऑफ-रोड स्पर्धांमध्ये तिची गणना होते. संस्थापकाचा कारखाना गेला, कंपनी गेली, कामगारांची ती परीक्षा मात्र राहिली.

त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. स्कॉटच्या गाड्यांना साइडकार जोडून त्यांवर मशीनगन बसवल्या गेल्या. स्कॉटचं डोकं आता तीन चाकांकडे वळलं. तोफा-बंदुका वाहणाऱ्या तीनचाकी गाडीवर काम करता करता त्याला वाटायला लागलं, की युद्ध संपल्यावर लोकांना हवी असेल ती मोटारसायकल आणि मोटार यांच्या मधली, स्वस्त, दोघांनी शेजारी बसायची गाडी.

आपलीच कंपनी सोडून

युद्धानंतर स्कॉट आपल्याच नावाच्या मोटारसायकल कंपनीत राहिला नाही. त्याने स्कॉट ऑटोकार नावाची वेगळी कंपनी काढली आणि 'सोशिएबल' ही तीनचाकी बाजारात आणली. तिचा आकार असा होता, की एका बाजूला पुढे-मागे दोन चाकं आणि दुसऱ्या बाजूला एकच. समोरून बघितलं तर मोटारीचं एक पुढचं चाक कोणीतरी चोरून नेलंय असं वाटावं. विचारात दम होता, कारण मुळात ती साइडकारवाल्या मोटारसायकलचीच सुधारलेली बहीण होती. पण लोकांना ती पटली नाही. सुमारे दोनशे गाड्या बनल्या आणि १९२० च्या दशकाच्या मध्यावर विषय संपला.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. ज्या गाडीने सलग दोन वर्षं टीटी जिंकली, जिला अडवायला नियम करावे लागले, ती सोडून हा माणूस एका वाकड्या तीनचाकीच्या मागे का गेला? माझ्यापुरतं उत्तर असं, की त्याला सुचलेलं पहिल्यांदा करून बघण्यात रस होता, सुचलेलं पूर्णत्वाला नेऊन घासूनपुसून विकण्यात कमी. एक धक्का बसला की दुसरी उसळी. स्प्रिंगसारखा माणूस. त्याच्याभोवती थोडं तेल असतं, म्हणजे त्याची झेप थोडी धीमी करून एका जागी टिकवणारं कोणी असतं, तर? हा माझा अंदाज आहे, तुम्ही वाद घालू शकता.

स्कॉटला आणखी एक नाद होता. यॉर्कशायरच्या चुनखडीच्या डोंगरात जमिनीखाली खोल गुहा आणि विहिरीसारखी विवरं आहेत. त्यांत दोर लावून उतरायचं, पाण्यातून, अंधारातून सरपटत जायचं. १९२३ मध्ये अशाच एका सफरीनंतर तो ओल्या कपड्यांनिशी उघड्या गाडीतून घरी परतला. थंडी भरली आणि न्यूमोनिया झाला. पेनिसिलिन तेव्हा शोधलंच गेलं नव्हतं. त्यातच तो गेला. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

कंपनी त्याच्यानंतरही चालत राहिली. १९२६ पासून आलेली फ्लाइंग स्क्विरल, म्हणजे उडती खार, ही तिची गाजलेली गाडी. पण हळूहळू पैसा आटला, आणि १९५० मध्ये कारभार यॉर्कशायर सोडून बर्मिंगहॅमला गेला.

मग तेल आलं

स्कॉट गेल्यावर दहा-बारा वर्षांनी जर्मनीत ती राहिलेली गोष्ट घडली. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या आर १२ या गाडीवर टेलिस्कोपिक फोर्क लावला आणि त्यात तेलाचं डॅम्पिंग दिलं. नळ्या होत्याच, स्प्रिंग होतीच, आता तिला आवरणारा आला. १९३९ ला गेऑर्ग मायर हा जर्मन रायडर तेलाचे टेलिस्कोपिक फोर्क असलेल्या बीएमडब्ल्यूवर सीनियर टीटी जिंकला. बेट तेच, रस्ता तोच, जिथे सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी स्कॉटच्या गाड्या जिंकल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर गर्डर फोर्क मागे पडत गेला आणि टेलिस्कोपिक सगळीकडे पसरला. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासमध्ये जोडली जाऊ लागलेली बुलेटसुद्धा हाच फोर्क घेऊन आली. तिथून पुढे जावा असो, किंवा तुमची आजची १२५ सीसी, पुढचे दोन पाय त्याच कुळातले.

आता तुमच्या गाडीकडे या

इंजिन ऑईल आपण बदलतो, कारण सर्व्हिसिंगच्या कार्डावर ते पहिल्याच ओळीत असतं. शॉकअपचं तेल मात्र गळेपर्यंत कोणाला आठवत नाही. तेही म्हातारं होतं बरं का. आतल्या धातूची बारीक झीज त्यात मिसळते, ते पातळ पडतं, काळपट करडं होतं, वास मारतं. गाडी रोज थोडी थोडी बिघडते, म्हणून आपल्याला कळतही नाही.

काकांनी माझ्यासमोर जे केलं ते सांगते. गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनाखाली टेकू दिला, पुढचं चाक अधांतरी. पाय क्लॅम्पमध्ये घट्ट असतानाच वरच्या टोप्या थोड्या ढिल्या केल्या, कारण पाय बाहेर आल्यावर त्या हातात धरून फिरवणं अवघड जातं. मग चाक, ब्रेक, मडगार्ड काढून दोन्ही पाय खाली ओढून घेतले. टोपी पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवलं, कारण खाली दाबलेली स्प्रिंग असते आणि ती उडू शकते. स्प्रिंग बाहेर, पाय उलटा, जुनं तेल डब्यात. वरखाली करत करत शेवटचा थेंबही काढायचा.

मग कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं नवं तेल. ओतून झालं की पाय हळूहळू आठ-दहा वेळा वरखाली, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांतून निघून जाते. थोडा वेळ शांत उभं ठेवायचं. आणि आता खरी गोष्ट. स्प्रिंग बाहेर, पाय पूर्ण दाबलेला, अगदी सरळ उभा, आणि नळीच्या काठापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंत पट्टीने माप. बहुतेक साध्या फोर्कना माप घ्यायची हीच रीत. किती मिलिमीटर हवं ते त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतं. जास्त असेल तर सिरिंजने काढायचं, कमी असेल तर घालायचं. दोन्ही पायांत तंतोतंत सारखं.

तुम्ही म्हणाल, मोजून मिलिलिटर ओतले की झालं की. नाही होत. जुनं तेल आत कुठे किती चिकटून राहिलं, ते सांगता येत नाही. म्हणून ओतलेल्यापेक्षा आतलं माप खरं.

आणि हे माप एवढं महत्त्वाचं का? तेलाच्या वर जी हवा उरते, ती कोंडलेली असते. पाय दाबला की ती हवा दबते आणि दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते. तेल वर असेल तर हवा कमी, मग शेवटच्या टप्प्यात फोर्क कडक होतो. फारच वर गेलं तर दाब वाढून सील फुटतं. तेल खाली असेल तर शेवटच्या टप्प्यात आधारच नाही, मग माझ्यासारखं 'खट्'. त्याहून खाली गेलं तर तेलासोबत हवा भोकांतून जाते, फेस होतो आणि डॅम्पिंग संपतं. तेल किती घट्ट, यावर नाक किती वेगाने खाली-वर होईल ते ठरतं. तेल किती उंचीला, यावर ते शेवटी कसं थांबेल ते ठरतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गॅरेजवर एकत्र करू देऊ नका.

हे घरी करायला जाऊ नका, नीट हत्यारं आणि शिकवणारं कोणी असल्याशिवाय. उलटे फोर्क किंवा महागडे कार्ट्रिज असतील तर रीत वेगळी असते. पण गॅरेजमध्ये उभं राहून लेव्हल पट्टीने मोजली का, एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. आणि नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर थांबू नका. ते खाली उतरून ब्रेकच्या डिस्कवर आलं, तर पुढचा ब्रेक नावापुरता उरतो.

माझी गाडी आता ठीक आहे. पहिल्या स्पीडब्रेकरला नाक खाली गेलं, वर आलं आणि थांबलं. मागच्या सीटवरून काहीच आवाज आला नाही, म्हणजे मैत्रिणीलाही पटलं. सिग्नलला उभी असताना मी पुढच्या त्या दोन नळ्यांकडे बघितलं. नळ्या ब्रॅडफर्डच्या एका माणसाने विचार करून ठेवल्या, तेल कोणी दुसऱ्यांनी भरलं, आणि माप घराजवळच्या काकांनी घेतलं. एक शॉकअप नीट चालायला इतकी माणसं आणि शंभरहून जास्त वर्षं लागली.

तर मग, पार्किंगमध्ये जाऊन ती टेस्ट करताय ना?